एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर: घरात उंच मुलगा असेल तर ही सेवा कशी वापरावी

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायचं असेल, तर प्रशिक्षकाची पसंती आणि हातात पडलेली शिष्यवृत्तीची चिठ्ठी पुरेशी नसते. मुलाला सामन्यात उतरवता येईल की नाही, हे इंडियानापोलिसमधलं एक कार्यालय ठरवतं. ते म्हणजे एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेचं एलिजिबिलिटी सेंटर. दहावी-बारावीचे गुण, शाळेत घालवलेली वर्षं, आधी कुठल्या संघाकडून खेळला आणि कोणाकडून पैसे घेतले, हे सगळं तपासून ते मुलाला पात्र किंवा अपात्र ठरवतं. सेवा सशुल्क आहे, सक्तीची आहे आणि तिला पर्याय नाही. तरीही तिचं परीक्षण करायला हवं, कारण ती नीट वापरणारे आणि नुसते पैसे भरून वाट बघत बसणारे, यांच्या वाट्याला येणारे निकाल फार वेगळे असतात. त्यातही सहा फूट नऊ इंचांच्या वरच्या मुलांना, ज्यांना तिकडे ‘बिग मॅन’ म्हणतात, या सेवेचे नियम इतरांपेक्षा जास्त जाचतात.

आधी मत सांगतो. शिक्षणाची तपासणी हा या सेवेचा उत्तम भाग आहे. नियम लेखी आहेत, मोजता येतात आणि नववीपासून लक्ष दिलं तर इथे धक्का बसायचं कारण नाही. हौशीपणाची तपासणी, म्हणजे पैसे आणि आधीच्या संघांबद्दलची चौकशी, हा कमजोर भाग आहे. ती संथ चालते, प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि नियम गेल्या काही वर्षांत इतके बदललेत की पाच वर्षांपूर्वीचा निकाल आज दाखला म्हणून वापरता येत नाही. आणि संपूर्ण यंत्रणेला एक गोष्ट दिसत नाही: उंच मुलगा उशिरा तयार होतो.

खात्यापासून सुरुवात करू. सेंटरच्या संकेतस्थळावर मोफत प्रोफाइल उघडता येतं आणि प्रमाणपत्रासाठीचं सशुल्क खातं वेगळं असतं. परदेशी शाळांतल्या विद्यार्थ्यांचं शुल्क दीडशे डॉलरच्या पुढे आहे, अमेरिकेतल्यांना त्याहून कमी लागतं. नववीत मोफत प्रोफाइल उघडावं, घाईने पैसे भरू नयेत. कारण पैसे भरले म्हणजे फाइल लगेच कोणी उघडतं असं नाही. एखादं विद्यापीठ तुमच्या मुलाचं नाव आपल्या मागणी यादीत घालतं, तेव्हा फाइल खरी हलते. हे काम विद्यापीठाच्या क्रीडा विभागातला नियमपालन अधिकारी करतो. म्हणून ‘आम्हाला तुमचा मुलगा हवा आहे’ असं सांगणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारावा: त्याचं नाव तुम्ही एलिजिबिलिटी सेंटरच्या यादीत टाकलंय का? उत्तर ‘हो’ असेल तर रस खरा आहे. ‘बघू, पुढे करू’ असेल तर अजून बोलणीच चालली आहेत, असं धरून चालावं.

आता अभ्यासाचं गणित. डिव्हिजन एकसाठी नववी ते बारावी या चार वर्षांत १६ ‘कोअर’, म्हणजे मुख्य शैक्षणिक, विषय लागतात. त्यात इंग्रजी ४ वर्षं, गणित ३ वर्षं, विज्ञान २ वर्षं, या तिघांपैकी कुठल्याही विषयाचं आणखी १ वर्ष, सामाजिक शास्त्रं २ वर्षं, आणि उरलेली ४ वर्षं याच विषयांतून किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान अशा विषयांतून. या १६ विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी. डिव्हिजन दोनला २.२ चालते. भारतीय गुणांची टक्केवारी त्या मापात बसवण्याचं कोष्टक सेंटरकडे देशानुसार ठरलेलं असतं, त्यामुळे घरी बसून ‘७० टक्के म्हणजे २.८’ असा सरळ भागाकार करू नका. एसएटी आणि एसीटी या परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली, ही मोठी सोय झाली. विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं, पण खेळण्याच्या पात्रतेसाठी ती आता लागत नाही.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलाला हा हिशेब लावून बघा. नववी आणि दहावीत इंग्रजी, गणित, विज्ञान आणि इतिहास-भूगोल मिळून दोन वर्षांचे आठ विषय होतात. अकरावीला विज्ञान शाखा गणितासह घेतली, तर पुढे काहीच अडत नाही. अडतं ते वाणिज्य आणि कला शाखेत. तिथे गणित सोडता येतं, बरीच मुलं सोडतात, आणि खेळाच्या सरावाला वेळ मिळावा म्हणून प्रशिक्षकच तो सल्ला देतात. मग मुलाच्या खात्यात गणिताची दोनच वर्षं राहतात, लागतात तीन. बुक-कीपिंग, चिटणिसाची कार्यपद्धती, शारीरिक शिक्षण हे कोअर धरले जात नाहीत, अर्थशास्त्र सामाजिक शास्त्रात बसतं. म्हणजे बारावी वाणिज्य ८० टक्क्यांनी पास झालेला सात फुटी मुलगा एका गणितापायी अपात्र ठरू शकतो. बारावी झाल्यावर ही उणीव भरून काढणं फार कठीण आहे: वेळेवर उत्तीर्ण झालेल्याला पुढच्या एका वर्षात फक्त एक जादा कोअर विषय करता येतो, आणि तोही सेंटरला मान्य असलेल्या स्वरूपाचा हवा. तेव्हा अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना वाणिज्य घ्या, पण गणितासह घ्या.

सरासरी २.० ते २.२९९ च्या मधे आली तर मुलगा ‘अकॅडेमिक रेडशर्ट’ ठरतो. शिष्यवृत्ती मिळते, पहिल्या सत्रात सराव करता येतो, पण पहिलं वर्षभर सामना खेळता येत नाही. गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या, कमी उंचीच्या खेळाडूच्या जागेवरच्या मुलाला ही शिक्षा वाटते. उंच मुलासाठी मात्र हे एक वर्ष वजन वाढवायला, पाय घट्ट करायला आणि खेळ समजून घ्यायला सोन्यासारखं असतं. त्यामुळे प्रशिक्षक अशा मुलाला नाकारत नाहीत. हे माहीत असावं, पण ते उद्दिष्ट ठेवू नये.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांसाठी आणखी एक अट महत्त्वाची आहे. १६ पैकी १० कोअर विषय शाळेच्या सातव्या सत्राआधी, म्हणजे बारावी सुरू होण्याआधी, पूर्ण हवेत आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. या दहा विषयांचे गुण तिथेच गोठतात. शेवटच्या वर्षी तेच विषय पुन्हा करून गुण वाढवायची वाट बंद होते.

कागदपत्रांमध्ये आपल्याकडचे तीन घोळ ठरलेले आहेत. पहिला नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर त्याचा वेगळाच क्रम किंवा मधलं नावच नाही. खातं पासपोर्टवरच्या नावाने उघडावं आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवावं. दुसरा घोळ जन्मतारखेचा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत एका दिवसाचाही फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. उंच परदेशी मुलाच्या वयाबद्दल शंका घेतली जातेच, तिला आयतं निमित्त कशाला द्यायचं? तिसरा घोळ ज्युनिअर कॉलेजचा. आपली अकरावी-बारावी महाविद्यालयाच्या इमारतीत होते आणि गुणपत्रिकेवर ‘कॉलेज’ छापलेलं असतं. अमेरिकेत याच नावाच्या संस्था बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या असतात. अर्जात ही दोन वर्षं माध्यमिक शाळा म्हणूनच नोंदवायची. नववी आणि अकरावीच्या गुणपत्रिका बोर्डाच्या नसतात, त्या शाळेकडून आणि ज्युनिअर कॉलेजकडून शिक्क्यासह त्याच वर्षी घेऊन ठेवाव्यात. तीन वर्षांनी मागायला गेलं की रजिस्टर सापडत नाही.

आता त्या भागाकडे, जिथे सर्वांत जास्त मुलं अडकतात: घड्याळ. सेंटर मुलाची चार वर्षं नववीत पाऊल टाकल्या दिवसापासून मोजतं. उंच मुलाला अमेरिकेतल्या प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खासगी शाळेत, नेलं जातं तेव्हा तिथली शाळा अनेकदा त्याला एक-दोन इयत्ता मागे बसवते. इंग्रजी सुधारेल, शरीर भरेल, असं पालकांना सांगितलं जातं. खेळासाठी ते कदाचित खरंही असेल, पण सेंटरच्या हिशेबात नववी दोनदा सुरू होत नाही. भारतात दहावी करून तिकडे पुन्हा नववीत बसलेल्या मुलाची चार वर्षं तिथल्या अकरावीला येईपर्यंत जवळपास संपलेली असतात आणि नंतर केलेले विषय मोजले जात नाहीत. शिवाय त्या शाळेचे विषय सेंटरने मान्य केलेले असायला हवेत. मालीहून आलेला, सहा फूट नऊ इंचांचा चेक डियालो २०१५ मध्ये कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या त्याच्या शाळेतल्या विषयांवरूनच प्रश्न उभे राहिले. हंगाम सुरू झाला तरी तो बाकावरच होता, पाच सामने हुकल्यावर डिसेंबरमध्ये खेळला. कॅन्ससकडे वकील होते, पैसा होता, तरी इतका वेळ लागला. प्रेप स्कूलचं माहितीपत्रक हातात आलं की सेंटरच्या संकेतस्थळावर त्या शाळेच्या मान्य विषयांची यादी शोधा. शाळा त्या यादीत नसेल तर तिथली जिम आणि वसतिगृह कितीही उत्तम असो, पुढे जाऊ नका.

दुसरं घड्याळ पाच वर्षांचं. डिव्हिजन एकमध्ये चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळतात, आणि ही पाच वर्षं जगातल्या कुठल्याही महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून सुरू होतात. बारावीनंतर अमेरिकेचं जमेपर्यंत ‘तोवर एफवाय तरी करून ठेवू’ म्हणून पुण्या-मुंबईत प्रवेश घेतला की घड्याळ सुरू झालं. वर, मुलगा आता नवखा राहत नाही, बदली विद्यार्थी ठरतो आणि त्याला वेगळे नियम लागतात. वर्ष वाया जाऊ नये म्हणून घेतलेला हा प्रवेश उलट एक वर्ष खाऊन टाकतो.

तिसरं घड्याळ बारावीनंतरच्या खेळाचं. वेळेवर बारावी झाल्यापासून बास्केटबॉलमध्ये साधारण एक वर्षाची सवलत असते. त्यानंतर ‘संघटित स्पर्धा’ खेळली तर एकेक हंगाम वजा होतो आणि वर एक वर्ष बसावंही लागतं. संघटित स्पर्धा कशाला म्हणायचं याची व्याख्या फार रुंद आहे: गुण अधिकृतपणे मोजले गेले, वेळापत्रक आधी जाहीर झालं, संघाचा गणवेश होता, पंच होते, यातली एखादी गोष्टही पुरते. म्हणजे राज्य अजिंक्यपद तर सोडाच, नागपाड्यातली किंवा डेक्कनची रात्रीच्या दिव्यांतली निमंत्रित स्पर्धाही तिच्यात बसते. सराव कितीही करा, त्याला बंधन नाही. या नियमाच्या दुरुस्त्या सतत चालू असतात, तेव्हा प्रवेशाच्या वर्षी विद्यापीठाच्या नियमपालन अधिकाऱ्याकडून लागू असलेला नियम ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही.

ही तीन घड्याळं सगळ्यांनाच लागू आहेत, मग उंच मुलांना जास्त का जाचतात? कारण त्यांची वाढच उशिरा होते. पंधराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, हाडं लांब होतात, स्नायू आणि तोल मागे पडतात. दोन वर्षं तो मुलगा मैदानात अवघडलेला दिसतो. गार्ड सोळाव्या वर्षी ओळखता येतो, सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू, विसाव्या वर्षी कळतो. झॅक ईडीचं उदाहरण घ्या. टोरांटोचा हा सात फूट चार इंचांचा मुलगा आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलला उशिरा लागला, आणि भरतीच्या क्रमवारीत तो पहिल्या चारशेतही नव्हता. पर्ड्यू विद्यापीठात पहिल्या वर्षी सामन्यामागे १४.७ मिनिटं आणि ८.७ गुण. दुसऱ्या वर्षी १४.४ गुण. तिसऱ्या वर्षी २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंड. चौथ्या वर्षी २५.२ गुण. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचं एक वर्ष कुठल्या नियमात कापलं गेलं असतं, तर त्याच्या खेळाचा सर्वांत मोठा भागच उरला नसता. हकीम ओलाजुवान १९८० मध्ये लागोसहून ह्यूस्टनला आला तेव्हा बास्केटबॉल जेमतेम शिकला होता. पहिलं वर्ष त्याला खेळवलंच नाही, नुसता सराव दिला. चार वर्षांनी, १९८४ मध्ये, तो एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला.

म्हणून विद्यापीठ निवडताना त्यांचा मागच्या पाच-सहा वर्षांचा उंच खेळाडूंचा इतिहास बघणं हे एलिजिबिलिटीइतकंच महत्त्वाचं आहे. पर्ड्यूत प्रशिक्षक मॅट पेंटरच्या हाताखाली ए. जे. हॅमन्स, आयझॅक हास, मॅट हार्म्स आणि मग ईडी, अशी सात फूट आणि त्यावरच्यांची रांग लागलेली दिसते. यूकॉनमध्ये, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठात, सात फूट दोन इंचांचा डोनोव्हन क्लिंगन पहिल्या वर्षी आदामा सानोगोच्या मागे तेरा-चौदा मिनिटं खेळला, दुसऱ्या वर्षी मुख्य सेंटर झाला, दोन्ही वर्षी संघाने विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षकाला सरळ विचारा: उंच खेळाडूंसाठी वेगळा सहप्रशिक्षक आहे का? सरावानंतर रोज किती वेळ वेगळं काम होतं? पहिल्या वर्षी किती मिनिटं देणार, आणि द्यायची नसतील तर रेडशर्ट करणार का, म्हणजे हंगाम न वापरता वर्षभर नुसता सराव देणार का? दहा-बारा मिनिटं नियमित मिळणं किंवा सरळ रेडशर्ट होणं, दोन्ही चांगलं. हंगामभरात पाच सामने, तेही सामना हातातून गेल्यावरची शेवटची दोन-दोन मिनिटं, हे सर्वांत वाईट. हंगाम वापरला जातो, शिकणं काहीच होत नाही.

भारतातून जाणाऱ्या उंच मुलाला खेळातले काही फरक आधीच सवयीचे करून घ्यावे लागतात. आपण फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी खेळतो. तिथे रिंगसमोरचा रंगीत पट्टा ४.९ मीटर रुंद, अमेरिकन कॉलेजमध्ये १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. त्यामुळे पोस्टवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या कडेला, चेंडू बास्केटच्या बराच जवळ मिळतो, पण रेटारेटीही जास्त होते. फिबात चेंडू रिंगला लागल्यावर त्याला हात लावता येतो. कॉलेजमध्ये तो रिंगवर किंवा रिंगच्या वरच्या भागात असताना हात लावला तर नियमभंग. आपल्याकडे चांगल्या सेंटरला नेमकी हीच टीप शिकवलेली असते, ती विसरावी लागते. शॉट क्लॉक २४ ऐवजी ३० सेकंदांचं, सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, फाउल दोन्हीकडे पाच. नवख्या उंच खेळाडूची मिनिटं सर्वांत जास्त फाउलमुळेच जातात: हात वर सरळ ठेवून उडी मारण्याऐवजी तो हात खाली आणून मारतो, किंवा पिक अँड रोलमध्ये (एक खेळाडू आड उभा राहून चेंडूवाल्याला वाट करून देतो ती चाल) गार्डला अडवायला उशिरा सरकतो आणि कमरेने धक्का देतो.

सरावात काय बघायचं, तेही सांगतो. मायकन ड्रिल अजूनही पाया आहे: रिंगखाली उभं राहून उजव्या हाताने लेअप, चेंडू जाळीतून खाली येताच धरून डाव्याने, पुन्हा उजव्याने, मिनिटभर न थांबता. अट एकच, चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही. उंच मुलगा चेंडू कमरेपर्यंत आणतो आणि पाच फूट दहा इंचांचा गार्ड तो हिसकावतो, ही चूक कॉलेजमध्येही दिसते. ज्याच्या नावाचं हे ड्रिल, त्या जॉर्ज मायकन या उंच सेंटरला डीपॉल विद्यापीठात प्रशिक्षक रे मेयर यांनी दोरीवरच्या उड्या आणि नृत्याचे धडेसुद्धा दिले होते, कारण प्रश्न पायांचा होता. आजही पायांचाच आहे. फ्री थ्रो ७० टक्क्यांच्या आसपास नसेल तर शेवटच्या मिनिटांत प्रशिक्षक त्याला बाहेर बसवतो. आणि वजन हळूहळू वाढवावं. भराभर वजन चढवून त्याच पायांनी रोज उड्या मारायला लावलं की पाठीच्या मणक्यात आणि पायाच्या नॅव्हिक्युलर हाडात ताणाचे बारीक तडे जातात. जोएल एम्बीडच्या कॅन्ससमधल्या एकुलत्या हंगामाचा शेवट पाठीच्या अशाच दुखापतीने झाला, आणि मग पायाचं ते हाडही मोडलं.

वैद्यकीय तपासण्या सेंटर करत नाही, विद्यापीठ करतं. पण दोन तपासण्या निघण्याआधी इथेच करून घ्याव्यात. फार उंच, लांब हातापायांच्या मुलाची हृदयाची इको तपासणी आणि मार्फान सिंड्रोम या हृदयाला धोका पोचवणाऱ्या जन्मजात विकारासाठी तज्ज्ञाचा सल्ला. बेलर विद्यापीठाचा सात फुटी आयझाया ऑस्टिन याला २०१४ मध्ये ड्राफ्टला काही दिवस उरले असताना मार्फान असल्याचं कळलं. दुसरी सिकलसेलची. डिव्हिजन एक २०१० पासून प्रत्येक खेळाडूची सिकलसेल स्थिती विचारतं, आणि विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या घरांना या तपासणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वाहक असणं म्हणजे अपात्रता नाही. सराव, विश्रांती आणि पाणी पिण्याचं वेळापत्रक त्यानुसार बदलतं, इतकंच.

आता सेवेच्या कमजोर बाजूकडे, हौशीपणाच्या तपासणीकडे. मूळ नियम असा की कॉलेजआधी व्यावसायिक खेळाडूंसोबत खेळलं तरी चालतं, पण स्वतःच्या प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चाच्या वर पैसे घ्यायचे नाहीत. राहणं, जेवण, प्रवास, बूट, प्रशिक्षण, हे खर्चात बसतं. तुर्कस्तानचा एनेस कँटर २०१० मध्ये केंटकी विद्यापीठात आला, तेव्हा फेनरबाचे या तिकडच्या क्लबकडून त्याला खर्चाच्या वर ३३,०३३ डॉलर मिळाल्याचं ठरलं आणि तो कॉलेजसाठी कायमचा अपात्र झाला. एकही सामना न खेळता पुढच्या वर्षी एनबीएत तिसऱ्या क्रमांकावर गेला. याउलट जेम्स नाजी हा सात फुटी नायजेरियन सेंटर बार्सिलोनाकडून खेळलेला, २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ३१ वा निवडलेला, आणि तरी डिसेंबर २०२५ मध्ये त्याला बेलरकडून खेळण्याची मुभा मिळाली. पंधरा वर्षांत एकाच कार्यालयाचे हे दोन निकाल. दार मोठं झालं हे चांगलंच आहे, पण कोणत्या मुलाला कोणता नियम लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि सक्तीच्या सेवेत हा गंभीर दोष आहे.

उशीर हा दुसरा दोष. क्रोएशियाचा सात फूट दोन इंचांचा झ्वोनिमिर इविशिच केंटकीत दाखल झाला, हंगाम निम्म्यावर आला तरी मंजुरी नव्हती. २० जानेवारी २०२४ ला ती मिळाली आणि त्याच दिवशी जॉर्जियाविरुद्ध त्याने १३ गुण केले. तयार खेळाडू अर्धा हंगाम कागदांसाठी थांबला होता. यावर पालकांच्या हातात असलेला उपाय म्हणजे नोंदी. मुलगा ज्या संघाकडून, कंपनीकडून, अकादमीकडून खेळला त्या प्रत्येकाचं नाव, तारखा, मिळालेली रक्कम, बक्षिसाचे पैसे कोणी घेतले, प्रवासभत्त्याच्या पावत्या, हे सगळं एका फाइलमध्ये दर महिन्याला लिहायचं. नोकरीच्या बोलीवर किंवा मानधनावर कुठल्या संस्थेच्या संघात खेळला असेल तर त्याचा करार जपायचा. शरद ऋतूत प्रवेश घेणाऱ्यांना अंतिम प्रमाणपत्राची विनंती १ एप्रिलपासून करता येते, ती त्याच आठवड्यात करावी.

मधल्या माणसांबद्दलही काळजी घ्या. मुलाची माहिती विद्यापीठांना पाठवण्यासाठी ठरावीक शुल्क घेणारी सेवा चालते. पण ‘शिष्यवृत्ती मिळाली तर इतके टक्के’ असा करार केला तर तो माणूस एजंट ठरतो आणि मुलाची पात्रता धोक्यात येते. आपल्याकडे असे सौदे तोंडी होतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. पालकांशिवाय दुसरं कोणी पालक म्हणून उभं राहत असेल, तर त्या माणसाला कोणी काय दिलं याचाही जाब मुलालाच द्यावा लागतो. कॅन्ससच्या सिल्वियो डी सौसाला २०१९ मध्ये त्याच्या पालकत्व घेतलेल्या माणसाला मिळालेल्या पैशांवरून दोन वर्षांची बंदी आली, ती अपिलात पुढे कमी झाली, पण त्याचा तो अख्खा हंगाम गेला.

पैशांबद्दल आणखी एक स्पष्ट गोष्ट. हाऊस खटल्यातल्या, म्हणजे खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएवर भरलेल्या खटल्यातल्या, तडजोडीला ६ जून २०२५ ला न्यायालयाने मंजुरी दिल्यापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात आणि बास्केटबॉल संघात १५ जणांपर्यंत शिष्यवृत्ती देता येते. हे आकडे ऐकून इथून कोणी हुरळू नये. भारतीय मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातो आणि त्या व्हिसावर बाहेर काम करून कमाई करायला मनाई आहे. ईडीसारखा देशातला सर्वोत्तम खेळाडूही कॅनडाचा विद्यार्थी म्हणून अमेरिकेत जाहिरातींचे पैसे मोकळेपणाने घेऊ शकला नाही. सेंटरने मंजुरी दिली म्हणजे व्हिसाचा प्रश्न सुटत नाही, त्या दोन यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत. पैशांचा कुठलाही कागद विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

भारतातून हा रस्ता पार झालेला आहे. एनबीए अकादमी इंडियातून निघालेला मोहालीचा सात फुटी अमान संधू डिव्हिजन एकमधल्या मॉनमथ विद्यापीठात पोहोचला. त्याच अकादमीचा जगशानबीर सिंग पॉइंट पार्क विद्यापीठात गेला, जे एनएआयए या वेगळ्या संघटनेत आहे आणि तिची पात्रता तपासणीही वेगळी होते. सतनाम सिंगने २०१५ मध्ये कॉलेज न करता थेट ड्राफ्ट गाठला, ५२ व्या क्रमांकावर डॅलसने त्याला घेतलं, पण एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. घडायला मिळणारी कॉलेजची चार वर्षं सेंटरच्या जागेवरच्या खेळाडूला किती लागतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायला नको.

बारावी झालेला, गणित सोडलेला, पण अठराव्या वर्षी सहा फूट दहा इंचांवर पोहोचलेला मुलगा घरात असेल, तर या सेवेला पैसे भरायची घाई करू नका. त्याच्यासाठी एनजेसीएए या वेगळ्या संघटनेतली, दोन वर्षांची महाविद्यालयं आहेत. तिथे पदविका पूर्ण केली, सरासरी २.५ ठेवली, आणि इंग्रजीचे ६, गणिताचे ३ आणि विज्ञानाचे ३ क्रेडिट मिळवले, तर तिथून डिव्हिजन एकमध्ये बदली घेता येते. पाच वर्षांचं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू राहील, त्यामुळे पुढे तीन वर्षं उरतील. तिथल्या प्रशिक्षकाला पाठवायच्या चित्रफितीत निवडक डंकचे तुकडे नकोत. एक पूर्ण सामना द्या, ज्यात मुलगा दुसऱ्या टोकापर्यंत धावत परत येतो का आणि पिक अँड रोलला कुठे उभा राहतो हे दिसेल. सोबत अनवाणी पायांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी आणि हात वर करून उभं राहिल्यावरची पोहोच, हे तीन आकडे सेंटिमीटरमध्ये, खरे, फुगवून न सांगता लिहा. पहिल्याच भेटीत ते पुन्हा मोजले जातात.